सायकल लावायची कुठे, टांगायची कशी, न्यायची कशातून

आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या जागेतल्या सायकली मी एकदा मोजल्या. एकवीस भरल्या. त्यातल्या रोज रस्त्यावर जाणाऱ्या फक्त सहा. उरलेल्या पंधरांपैकी बहुतेकींना काहीही झालेलं नव्हतं. हवा भरली, चेनला तेल दिलं की चालल्या असत्या. पण हवी ती सायकल काढायची तर पुढच्या चार हलवायच्या, एकीचं पेडल दुसरीच्या तारांतून सोडवायचं आणि तिसरी अंगावर पडू नये म्हणून ती गुडघ्याने अडवून धरायची. एवढ्यात ऑफिसची वेळ होते आणि माणूस स्कूटरची किल्ली घेतो. चार-पाच वेळा असं झालं की ती सायकल तिथेच राहते.

त्या दिवसापासून सायकलच्या जागेसाठी मी एकच कसोटी लावते. सायकलीपाशी पोचल्यापासून मिनिटभरात तिच्यावर बसता आलं पाहिजे. जागा, स्टँड, हूक, कुलूप सगळं या मिनिटाच्या हिशोबाने निवडायचं.

दुसरी गोष्ट चाकाबद्दल. सायकलचं चाक उभा भार भरपूर घेतं. वीस किलोची सायकल, तिच्यावर माणूस, मागे धान्याची पिशवी, सगळं त्या बारीक तारांवर चालतं. पण त्याच चाकाला बाजूने धक्का बसला, सायकलचा तोल एका अंगाला गेला की रिमला आऊट यायला, म्हणजे ती वाकडी फिरायला, वेळ लागत नाही. पार्किंगमधलं स्टँड असो, भिंतीवरचं हूक असो की रेल्वेतला मालाचा डबा असो, चाकावर आडवा जोर येऊ द्यायचा नाही. या लेखातल्या बहुतेक सूचना इथूनच निघतात.

आधी टेप घ्या

मोठ्या माणसाची सायकल साधारण १७५ ते १८० सेंमी लांब असते आणि हँडलपाशी ६० ते ६५ सेंमी रुंद. उंची हँडलपर्यंत १०० ते ११० सेंमी. वजन प्रकारागणिक बदलतं: रोडबाइक ८ ते १० किलो, हायब्रिड १२ ते १४, जाड टायरची एमटीबी १४ ते १६, जुनी काळी दणकट सायकल १८ ते २०, बॅटरीची सायकल २० ते २५. तुमची सायकल घरच्या वजनकाट्यावर तोला: आधी सायकल हातात धरून उभे राहा, मग नुसते उभे राहा, आणि वजाबाकी करा. हा आकडा पुढे भिंतीचं हूक घेताना, गाडीचं कॅरियर घेताना आणि विमानाच्या काउंटरवर लागतो.

त्याचबरोबर तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. ब्रेक डिस्कचे आहेत की रिमचे? फ्रेमची वरची दांडी आडवी आहे, उतरती आहे की लेडीज सायकलसारखी खाली गेलेली आहे? मडगार्ड आणि कॅरियर आहे का? दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारं एखादं साधन तुमच्या सायकलला बसेल की नाही, हे या तीन उत्तरांवरच ठरतं.

सायकलचा स्वतःचा स्टँड

एका पायाचा साइड स्टँड सगळ्यात सोयीचा. पण मागच्या चाकाजवळ बसणारा घ्या. पेडलांच्या मागे, फ्रेमच्या मधोमध आवळून बसणारा स्टँड हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्या चेपवतो, आणि कार्बन फ्रेमला तर असली कोणतीच आवळपट्टी लावायची नाही. पाय फार लांब असेल तर सायकल सरळ उभी राहते आणि वाऱ्याने दुसऱ्या बाजूला पडते. फार आखूड असेल तर इतकी कलते की हँडल गर्रकन फिरतं. जिथे सायकल रोज लावता तिथेच उभी करून पायाची लांबी ठरवा. मागच्या कॅरियरवर सामान लादणाऱ्यांनी मात्र जुन्या सायकलीला असतो तसा दोन पायांचा, मागचं चाक उचलून धरणारा स्टँडच लावावा. दूधवाल्यांच्या आणि पाववाल्यांच्या सायकलींना तोच असतो. भरलेलं कॅरियर एका पायावर कधीच नीट उभं राहत नाही.

सोसायटीचं पार्किंग

बहुतेक ठिकाणी दिसतं ते लोखंडी पट्ट्यांचं किंवा सळयांचं स्टँड. पुढचं चाक एका खाचेत घुसवायचं आणि सायकल सोडून द्यायची. दिसायला व्यवस्थित, सायकलसाठी वाईट. सायकलचा सगळा तोल त्या एका चाकावर येतो. शेजारच्याने त्याची सायकल ओढली, तुमचीला धक्का लागला, की पूर्ण वजन रिमवर आडवं पडतं. डिस्क ब्रेक असेल तर खाचेच्या कडेला चकती घासते आणि वाकते, मग प्रत्येक फेरीला करकर आवाज. शिवाय कुलूप फक्त चाकाला लागतं, फ्रेमला नाही. क्विक रिलीजचं, म्हणजे पान्याशिवाय खटक्याने सुटणारं, चाक सोडून बाकीची सायकल उचलून नेता येते.

याला उत्तर साधं आहे: जमिनीत रोवलेला उलट्या यू आकाराचा पाईप. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरावरून त्याला शेफील्ड स्टँड म्हणतात. सायकल पाईपाला समांतर लावायची. फ्रेम पाईपाला टेकते, हँडल फिरत नाही, कुलूप फ्रेम आणि चाक दोन्हींतून घालता येतं. एका पाईपाच्या दोन बाजूंना दोन सायकली.

हे स्टँड जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतं. त्याला हे आकडे द्या.

१. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, बाहेरून साधारण ४८ मिमी. याहून जाड घेतला तर यू-लॉक, म्हणजे यू आकाराचं जाड सळईचं कुलूप, बसायला त्रास होतो, बारीक घेतला तर कापायला सोपा.

२. जमिनीवर उंची ७५ सेंमी, लांबी ७५ सेंमी, कोपरे गोल वाकवलेले. जमिनीत दोन्ही पाय ३० सेंमी. एवढ्याला सुमारे पावणेतीन मीटर पाईप लागतो, म्हणजे सहा मीटरच्या एका लांबीत दोन स्टँड निघतात.

३. दोन स्टँडमध्ये एक मीटर अंतर. ८० सेंमीपेक्षा कमी केलंत तर हँडलं एकमेकांत अडकतात आणि लोक एकाच बाजूला सायकल लावू लागतात. निम्मी जागा वाया जाते.

४. स्टँडच्या टोकापासून समोरच्या भिंतीपर्यंत किमान ६० सेंमी. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. भिंतीला चिकटून रोवलेल्या स्टँडवर पुढचं चाक भिंतीला अडतं आणि सायकल अर्धी बाहेर लोंबते. मागे काढायला-घालायला दीड मीटर मोकळं ठेवा.

५. पायाच्या खालच्या टोकाला एक आडवी सळई वेल्ड करून मगच काँक्रीटमध्ये गाडा, म्हणजे पाईप फिरवून उपसता येत नाही.

पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद अशी एका कारची जागा घ्या. दोन्ही कडांना अर्धा मीटर सोडून एकेका मीटरवर पाच स्टँड बसतात. दहा सायकली. सोसायटीच्या सभेत हा हिशोब खडूने जमिनीवर आखून दाखवा. कागदावरच्या आकड्यापेक्षा तो लवकर पटतो.

खोदण्यापूर्वी पायाखाली काय आहे ते बघा. पार्किंग पोडियमवर, म्हणजे खालच्या मजल्यांच्या छतावर, किंवा तळघराच्या स्लॅबवर असेल तर खोदायचं नाही आणि शक्यतो ड्रिलही मारायचं नाही. खाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो, तो फुटला की पुढच्या पावसाळ्यात खालच्या गाड्यांवर पाणी टपकतं आणि सायकलवाल्यांच्या नावाने शंख होतो. तिथे चार-पाच यू पाईप दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर वेल्ड करून घ्या. हा अख्खा सांगाडा नुसता जमिनीवर ठेवायचा. इतका जड होतो की दोन माणसांनाही सहज हलत नाही, आणि उद्या जागा बदलली तर चौघांनी उचलून नेता येतो. आमच्याकडे हाच आहे.

रंगाच्या फंदात पडू नका. जीआयवरचा साधा ऑइलपेंट वर्षभरात पोपडे धरतो. सायकलच्या दुकानात पंक्चरच्या टाकून दिलेल्या ट्यूब मागितल्या तर मिळतात. त्या लांब कापून पाईपाच्या वरच्या भागावर घट्ट गुंडाळा. फ्रेमचा रंग वाचतो आणि सायकल घसरत नाही.

आता जागा मागायची कशी, ते. पुण्यातल्या अनेक जुन्या इमारतींच्या मंजूर नकाशात कार, स्कूटर आणि सायकल अशा तिन्हींच्या जागांचे आकडे दिलेले असतात. सोसायटीच्या दफ्तरातून नकाशाची प्रत काढा आणि सायकलचा आकडा बघा. तो असेल तर तुम्ही नवीन काही मागत नाही, जे नकाशात आहे तेच मागता आहात. कमिटीला अर्ज लेखी द्या, सोबत सायकल असलेल्या सभासदांच्या सह्या आणि वरचा हिशोब जोडा.

स्टँड लावण्याच्या आधी बेवारस सायकलींचा निकाल लावा, नाहीतर नव्या स्टँडवर पहिल्याच रात्री त्याच येऊन बसतात. प्रत्येक सायकलच्या हँडलला तारखेची चिठ्ठी बांधायची: ही सायकल तुमची असेल तर चिठ्ठी काढून वॉचमनकडे द्या. महिनाभराची मुदत, फलकावर आणि ग्रुपवर सूचना. आमच्याकडे एकवीसपैकी नऊ सायकलींच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. त्यातल्या पाच दुरुस्त करून घरकाम करणाऱ्या मावशींच्या मुलांना दिल्या, चार भंगारात गेल्या. सायकल हलवण्याआधी तिचा फोटो आणि फ्रेमचा नंबर, जो बहुधा पेडलांच्या खाली कोरलेला असतो, तो वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी विचारायला आलं तर वही दाखवता येते.

जागा फारच कमी असेल तर दुमजली रॅकचा विचार लोकांच्या मनात येतो. नेदरलँड्समध्ये युट्रेख्त स्टेशनच्या वाहनतळात साडेबारा हजार सायकली अशाच रॅकवर राहतात. पण त्या रॅकला वरची पट्टी बाहेर ओढून खाली उतरवणारी स्प्रिंग किंवा गॅसचा दांडा असतो. इथे स्थानिक फॅब्रिकेटरने तो वगळून केलेला दुमजली सांगाडा मी पाहिला आहे. वरचा मजला कायम रिकामा, कारण पंधरा किलोची सायकल खांद्यावर उचलून वर सरकवायला कुणीही तयार नव्हतं. त्यापेक्षा एकमजली बरा.

कुलपाचं थोडक्यात. मागच्या चाकाला कायम बसवलेलं गोल कुलूप पानपट्टीपुढे दोन मिनिटं थांबायला ठीक. रात्रभरासाठी नाही, कारण कुलूपबंद सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. बारीक केबल कटरने एका दाबात तुटते. यू-लॉक फ्रेम, मागचं चाक आणि पाईप या तिघांतून घाला, आणि कुलूप जमिनीवर टेकू देऊ नका. जमिनीचा टेकू मिळाला की हातोडीने फोडणं सोपं जातं.

घरात टांगायची असेल तर

फ्लॅटमध्ये सायकल ठेवायची म्हटलं की घरातल्यांचा पहिला आक्षेप भिंतीवरच्या टायरच्या डागांना असतो, आणि तो रास्त आहे. जिथे टायर टेकेल तिथे ॲक्रिलिकचा किंवा जुन्या पायपुसणीचा तुकडा चिकटवला की तो सुटतो. जिन्याच्या वळणावर मात्र सायकल लावू नका. आग लागली, धूर झाला तर त्याच जिन्याने माणसं उतरणार असतात. बॅटरीच्या सायकलचं चार्जिंगही दाराच्या वाटेत करू नका.

भिंत कसली आहे ते कळल्याशिवाय ड्रिल उचलू नये. बोटाच्या पेराने ठोकून बघा आणि कोपऱ्यात चार मिलीमीटरचं छोटं भोक पाडून भुकटी बघा. लाल भुकटी आली तर वीट. आठ किंवा दहा मिमीचा अँकर फास्टनर छान धरतो, फक्त तो विटेत बसू द्या, दोन विटांमधल्या दर्जेत नको. करडी, कडक भुकटी आणि ड्रिल पुढे सरकत नाही, म्हणजे काँक्रीट. नव्या टॉवरमध्ये साच्यात ओतलेल्या अख्ख्या भिंतीच काँक्रीटच्या असतात. तिथे हॅमर ड्रिल लागेल, पण पकड सगळ्यात चांगली. पांढरट, पिठासारखी भुकटी आणि ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं आत, म्हणजे हलक्या ब्लॉकची भिंत. या भिंतीत साधी गिट्टी किंवा साधा अँकर टिकत नाही. पहिल्या आठवड्यात धरतो आणि मग रोजच्या ओढाताणीने भोक मोठं होऊन सायकल भिंतीच्या तुकड्यासकट खाली येते. हलक्या ब्लॉकसाठी वेगळे लांब नायलॉन प्लग मिळतात ते घ्या, नाहीतर भिंतीवर आधी चार ठिकाणी स्क्रू केलेली जाड लाकडी फळी लावा आणि हूक फळीत बसवा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली, आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीत भोक पाडायचं नाही. तिथून वायर आणि नळ जातात.

मग दोन प्रकार.

आडवी टांगायची असेल तर फ्रेमची वरची दांडी दोन हातांच्या ब्रॅकेटवर ठेवायची. भिंतीपासून हँडलच्या रुंदीएवढी, म्हणजे ६० सेंमीच्या आसपास पुढे येते आणि पावणेदोन मीटर भिंत व्यापते. सोफ्याच्या वर किंवा पॅसेजच्या वरच्या भागात चांगली बसते. लेडीज फ्रेमला वरची दांडी नसते, तिच्यासाठी सीटखालचा दांडा आणि हँडल यांच्यामध्ये बसवायची सुटी आडवी दांडी मिळते. कार्बन फ्रेम असेल तर ब्रॅकेटला जाड रबर हवंच.

उभी टांगायची असेल तर पुढचं चाक हुकात अडकवायचं. सगळं वजन रिमवर येतं, पण ते रिमच्याच रेषेत असतं, म्हणून चाकाला काही होत नाही. हुकाची उंची अशी ठरवा: सायकल भिंतीपाशी मागच्या चाकावर उभी करा, वरच्या रिमची आतली कड जिथे येते तिथे पेन्सिलने खूण करा, आणि त्याच्या दहा सेंमी वर हूक लावा. बहुतेक सायकलींना हूक १८० सेंमीच्या आसपास येतं. सायकल जमिनीपासून जेमतेम दहा सेंमी वर राहते, म्हणजे उचलायची नसते, मागच्या चाकावर उभी करून थोडी वर सारायची असते. माझ्या आईने सत्तरी ओलांडल्यावरही तिची हायब्रिड अशीच लावली. दोन सायकली शेजारी असतील तर हुकांच्या उंचीत २० ते २५ सेंमी फरक ठेवा. हँडलं वर-खाली येतात आणि ४० सेंमी अंतरात दोघी मावतात. मडगार्ड पुढच्या चाकाला हुकाच्या जागेपर्यंत येत असेल तर हा प्रकार विसरा.

ब्रेक तेलाचे असतील तर सायकल उलटी, म्हणजे चाकं वर आणि हँडल खाली, फार दिवस ठेवू नका. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर तो नको तिथे जाऊन बसतो आणि लिव्हर पोकळ लागतो.

भाड्याच्या घरात भोक पाडता येत नाही. तिथे जमीन आणि छत यांच्यात दाबून बसवायचा उभा खांब मिळतो, त्यावर दोन सायकली राहतात. फॉल्स सीलिंग असेल तर तो लावायचा नाही. नाहीतर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा छोटा जमिनीवरचा स्टँड पुरेसा आहे. छताला कप्पी लावून दोरीने वर खेचायचं साधन उंच छताच्या वाड्यात किंवा बंगल्याच्या गॅरेजमध्येच उपयोगी. रोजच्या सायकलला ते लावू नका. दोरी सोडा, गाठ मारा, यात मिनिटाची कसोटी हुकते. वर्षातून दोनदा लागणाऱ्या सायकलला लावा.

पावसाळ्यात किंवा परगावी जाताना

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर उभी राहिलेली सायकल ऑक्टोबरात बघवत नाही. चेन लाल, केबल आतून गंजून जाम, सीटवर बुरशी. ती बांधून ठेवण्याआधी तासभर द्या. धुऊन पूर्ण कोरडी करा. चेनवर तेल एकेका कडीवर थेंबभर सोडा, पेडल वीस फेरे फिरवा आणि वरचं तेल फडक्याने पुसून घ्या. वर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. गिअर असतील तर पुढे आणि मागे सगळ्यात लहान चक्रावर चेन आणून ठेवा, म्हणजे केबलवर ताण राहत नाही. तेल कधीही डिस्कवर किंवा रिमवर उडू देऊ नका.

प्लॅस्टिकच्या कव्हरने सायकल पायापर्यंत झाकली तर आतला दमटपणा आतच राहतो आणि गंज उलट वाढतो. जुनी सुती चादर वर टाका, किंवा कव्हरची खालची बाजू मोकळी सोडा. टायरमध्ये हवा भरलेली असू द्या, आणि सायकल टांगता आली नाही तर महिन्यातून एकदा हवा बघून चाक अर्धा फेरा फिरवून ठेवा. हवा गेलेल्या टायरवर चार महिने उभी राहिलेली सायकल टायरच्या त्याच जागी चिरा घेऊन येते.

कारमधून

कारमध्ये मावत असेल तर बाहेर काहीही लावू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. मागची सीट पाडली आणि पुढचं चाक काढलं की बहुतेक हॅचबॅकमध्ये एक सायकल येते, थोडं जमवलं तर दोन. खाली जुनी चादर, चेनची बाजू वर. पुढचं चाक धरणाऱ्या रिकाम्या चिमट्यात (फोर्कमध्ये) लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा अडकवा, म्हणजे दाबून पाय वाकत नाहीत. डिस्क ब्रेक तेलाचे असतील तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी घाला. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि रस्त्याच्या कडेला ते सोडवणं फार जिकिरीचं काम आहे.

बाहेर लावायचंच तर दोन सामान्य पर्याय.

डिकीवर पट्ट्यांनी बांधायचं कॅरियर स्वस्त आणि घडी घालून ठेवता येणारं. डिकीच्या कडा आणि जिथे पॅड टेकतात तिथली धूळ आधी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तीच धूळ पॉलिश पेपरसारखी रंग घासते. मागे प्लॅस्टिकचा स्पॉयलर असेल तर वरच्या पट्ट्यांचा भार त्यावर देऊ नका. सायकल अडकवल्यावर मागे जाऊन बघा: नंबर प्लेट, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर दिसले पाहिजेत. सायलेन्सरच्या तोंडासमोर टायर येत असेल तर सायकल उलट्या दिशेने लावा. गरम धुराने टायर आणि रिम दोन्ही खराब होतात. हँडल आणि पेडल एकमेकांवर घासतात तिथे जुनी ट्यूब गुंडाळा. निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून सगळ्या पट्ट्या पुन्हा ओढा. त्या नेहमी थोड्या ढिल्या झालेल्या असतात. घाटात वळणावळणाने जाताना पुन्हा एकदा.

टपावरचं कॅरियर मागचं दिसणं अडवत नाही आणि सायकलला घट्ट धरतं. पण कारच्या मॅन्युअलमध्ये टपाची वजनमर्यादा वाचा, आणि तिच्यात कॅरियरचंही वजन धरा. दुसरं म्हणजे उंची. दीड मीटरची कार, वर कॅरियर आणि सायकल, म्हणजे एकूण पावणेतीन मीटरच्या आसपास. मॉलच्या आणि हॉटेलच्या तळघराची उंची बऱ्याचदा सव्वादोन मीटरहून कमी असते. माझ्या ओळखीत एकाने दोनशे किलोमीटर नीट आणलेली सायकल स्वतःच्याच सोसायटीच्या गेटच्या आडव्या कमानीला धडकवली. स्टिअरिंगसमोर चिठ्ठी चिकटवा: वर सायकल आहे.

एसटी, ट्रॅव्हल्स, मेट्रो

एसटीच्या टपावर बांधलेल्या सायकली हे आपल्याकडचं जुनं चित्र. आता बऱ्याच बसगाड्यांना टपावर जायची शिडी राहिलेली नाही, म्हणून डेपोत आधी विचारून जा. खाजगी ट्रॅव्हल्सच्या पोटात सायकल जाते. पैसे चढण्याआधी ठरवा, आणि ती स्वतःच्या हाताने ठेवा. चेनची बाजू वर, पुढचं चाक काढून फ्रेमला बांधलेलं. मी एकदा घाईत हे काम दुसऱ्यावर सोपवलं. उतरले तेव्हा सायकलवर कांद्याची पोती होती आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर आतल्या बाजूला वाकला होता. पहिल्याच चढावर गिअर बदलला असता तर डिरेलर तारांत जाऊन चाकाचं वाटोळं झालं असतं. त्यामुळे उतरवल्यावर मागून बघायची सवय लावा: हँगर चाकाला समांतर आहे ना? जादा हँगर छोटा, स्वस्त तुकडा असतो. आपल्या सायकलचा एक पिशवीत कायम ठेवा. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, वाटेत मिळत नाही.

मेट्रोत नेण्याआधी स्टेशनवर चौकशी करा, आणि गर्दीची वेळ टाळा. दुमडणारी सायकल पिशवीत घातलेली असली की बहुतेक ठिकाणी कुणी अडवत नाही.

रेल्वेने

लांब पल्ल्यासाठी हा मला आजही सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. पूर्ण बांधलेली सायकल, चाकं जागेवर, उतरलं की बसून निघायचं.

सायकल डब्यात आपल्यासोबत येत नाही. ती गाडीच्या टोकाला असलेल्या मालाच्या डब्यात जाते. म्हणून आधी आपल्या गाडीला तसा डबा आहे का ते पार्सल ऑफिसात विचारा. वंदे भारतला नाही. तुम्ही त्याच गाडीने जात असाल तर तिकीट दाखवून सायकल लगेज म्हणून बुक करा; तिकिटाशिवाय पाठवली तर ती पार्सल होते, आणि पार्सल त्याच गाडीने पोचेलच असं नाही. खिडकीवर ‘लगेज’ हा शब्द स्पष्ट बोला.

सुटायच्या दोन तास आधी पोचा. सणासुदीला आदल्या दिवशी जाऊन या. सोबत तिकीट, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स. सायकलवरचं सुटं सगळं काढून घ्या: दिवे, पंप, बाटली, पिशव्या, किलोमीटरचं मीटर. फ्रेमच्या नळ्यांना पुठ्ठा किंवा गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा, डिरेलरवर पुठ्ठ्याची दुहेरी घडी. दोन पुठ्ठ्यांवर मार्करने नाव, मोबाइल नंबर, कुठून, कुठे आणि गाडी नंबर लिहून एक हँडलला, एक सीटखाली बांधा. एक फाटला तरी दुसरा राहतो. सायकलला कुलूप लावू नका. हमालाला ती ढकलत न्यावी लागते, कुलूपबंद सायकल फरफटत जाते.

पावती घेतल्यावर तिथेच बसून राहू नका. सायकल प्लॅटफॉर्मवर येईपर्यंत आणि डब्यात चढेपर्यंत तिच्याजवळ थांबा, आणि ती पेट्यांच्या खाली नाही तर भिंतीला टेकून उभी राहील असं हमालाला सांगा. त्याला नमस्कार करून दोन शब्द नीट बोललात, जरा हातभार लावलात, तर सायकल जपून ठेवली जाते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव. डबा पुढे आहे की मागे ते बघून ठेवा. उतरायचं स्टेशन असं निवडा जिथे गाडी पुरेसा वेळ थांबते किंवा तिथेच संपते. दोन मिनिटांच्या थांब्यात मालाचा डबा उघडून सायकल उतरवणं कुणालाच जमत नाही आणि ती पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत जाते. पोचल्यावर पावती दाखवून लगेच ताब्यात घ्या. उशीर झाला तर जागेचं भाडं लागतं.

खोक्यात किंवा विमानातून

सायकलच्या दुकानात नवीन सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतात ती खोकी मागून घ्या. घरी आणताना टेम्पो लागत नाही, दुमडून रिक्षात येतात.

उलगडायचा क्रम असा. सीटची उंची टेपने मोजून लिहून ठेवा, मग सीटचा दांडा काढा. पेडल काढताना लोक हमखास चुकतात, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. डावं-उजवं लक्षात ठेवायचं नाही. पाना पेडलच्या वरच्या बाजूला उभा धरा आणि सायकलच्या मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही पेडलं तशीच सुटतात. बसवताना पुढच्या चाकाकडे. मग पुढचं चाक, चिमट्यात ठोकळा, हँडल सोडवून फ्रेमला समांतर, डिरेलर सोडवून आतल्या बाजूला बांधलेला. टायरची हवा थोडी कमी करा, पूर्ण काढू नका. थोडी हवा रिमला धक्क्यापासून वाचवते. सगळे छोटे बोल्ट एका झिपच्या पिशवीत, आणि ती पिशवी फ्रेमलाच चिकटपट्टीने लावलेली. खोक्यात सुटी टाकलेली पिशवी फाटलेल्या कोपऱ्यातून निघून जाते.

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलो सामान मिळतं. खोक्यासकट सायकल त्याच्या आसपास किंवा वर जाते, म्हणून जादा वजनाचे पैसे आणि सायकलसाठीचं वेगळं शुल्क तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीकडे विचारा. बॅटरीची सायकल प्रवासी विमानातून नेता येत नाही असंच समजा, तिची बॅटरी परवानगीच्या मर्यादेपेक्षा बरीच मोठी असते. टायर भरायची गॅसची छोटी नळकांडी घरी ठेवा आणि हातपंप घ्या. मल्टिटूल केबिनच्या पिशवीत राहिला तर सुरक्षातपासणीत जातो. तोही खोक्यातच, पण सगळ्यात वर ठेवा, कारण पोचल्यावर पहिल्यांदा तोच लागतो.